फुंकणीवर शून्य

आत जायचं तर आधी फुंकायचं, असा त्या बांधकामावर नियम होता. फाटकाशी सेफ्टीवाला साहेब एक काळं यंत्र घेऊन उभा असायचा. मोबाइलएवढं यंत्र, त्याला पुढे नळी. गवंडी असो, सुतार असो, नळी तोंडात धरायची आणि गाल फुगवून फुंकायचं. आदल्या दिवसाची दारू उतरली नसेल तर ते पिपाणीसारखं ओरडायचं आणि माणूस तिथूनच घरी. त्या यंत्राचं खरं नाव कुणाच्या जिभेवर बसत नव्हतं, म्हणून सगळे त्याला फुंकणी म्हणायचे.

या फुंकणीचा लाडका माणूस म्हणजे घार. तो टॉवर क्रेन चालवायचा. इमारतीला खेटून एक पिवळा खांब आभाळात गेलेला, त्याच्या डोक्यावर लांबलचक आडवा हात, आणि तिथेच बगलेत एक काचेची केबिन. त्या केबिनीत हा दिवसभर बसायचा. खालून बघितलं तर घरट्यात पाखरू बसल्यासारखं दिसायचं, म्हणून घार.

एके काळी घार प्यायचा. प्यायचा म्हणजे असा, की दारूनंच हात जोडून म्हणावं, बाबा रे, आता पुरे. नोकरी गेली, बायको माहेरी गेली, आणि शेवटी व्यसन सोडवायच्या दवाखान्यात भरती झाला. तिथून सुटून आला तो सुटलाच. साहेबानं पुन्हा कामावर घेतलं ते एकाच बोलीवर, की रोज पहिली फुंकर तुझी. घार रोज फुंकायचा आणि रोज शून्य यायचं. साहेब ते शून्य बाकीच्यांना दाखवायचा. म्हणायचा, बघा रे, शिका काहीतरी. गवंडी म्हणायचे, आता घारीकडे एकच बाटली राहिली. कारण वर केबिनीत संडासबिंडास काही नसतं, लघवीला बाटलीच न्यावी लागते.

घरीसुद्धा एक फुंकणी होती. माहेराहून परत आलेली बायको. संध्याकाळी हा दारात आला की ती उंबऱ्यावर उभी. "फुंका," म्हणायची. हा फुंकायचा. ती डोळे मिटून वास घ्यायची, मग बाजूला व्हायची. आतल्या खोलीतून त्याची आई विचारायची, "आला का गं नीट?" बायको म्हणायची, "आले, नीट आले." मग घरात भांड्यांचा आवाज सुरू व्हायचा. तो आवाज घारीला फार आवडायचा. पीत होता तेव्हा त्या घरात भांडं पडलं तरी सगळे दचकायचे.

तर सगळं असं झक्कास चाललेलं. फक्त घारीला झोप येत नव्हती.

दवाखान्यात असताना झोपेची गोळी मिळायची. दारू तोडली की अंग थरथरतं, घाम फुटतो, त्यावर ती गोळी. घरी सोडताना डॉक्टरनं उरलेली पट्टी बायकोच्या हातात दिली आणि बजावलं, एवढी संपली की बंद, पुढे घ्यायची नाही. पट्टी संपली. आणि घार अंथरुणात असा टक्क जागा, की भिंतीवरची पाल त्याच्याकडे बघून कंटाळून जावी. बायकोला ते दिसत होतं. माणूस झोपला नाही की चिडतो, चिडला की बाहेर पडतो, बाहेर पडला की गुत्ता काही लांब नाही. ती गेली कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे. त्यानं चिठ्ठी मागितली. तिनं रडवेलं तोंड केलं. त्यानं पट्टी काढून दिली.

जेवण झालं की ती स्वतःच्या हातानं एक गोळी द्यायची. म्हणायची, "आईंना कळू देऊ नका. उगाच म्हणतील, एक सुटलं आणि दुसरं धरलं."

आता आईचं ऐका. आईला स्वतःच्या गुडघेदुखीमुळे झोप लागत नव्हती, तर तिच्या डॉक्टरनं तिला गोळ्या दिलेल्या. म्हातारी त्यातली निम्मी खायची आणि निम्म्या उशीच्या अभ्र्यात राखायची. लेक तळमळतोय हे भिंतीपलीकडून तिला ऐकू यायचं. एकदा पाठीवरून हात फिरवता फिरवता तिनं त्याच्या मुठीत गोळी सरकवली. "घे रे बाळा. पण हिला सांगू नकोस. तुझ्यावर डोळ्यात तेल घालून बसलीय बिचारी, घाबरून जाईल."

घारीनं तीही घेतली. बायकोची एक आता पुरत नव्हतीच. पहिल्यांदा पुरायची, छान गाढ नेऊन टाकायची. मग हळूहळू ती झोपेच्या दारापर्यंतच सोडू लागली. आईची मिळाली तेव्हा पुन्हा आत गेला.

तिसरा शिट्टी. शिट्टी म्हणजे खालून इशारा करणारा. क्रेनवाल्याला वरून सगळं दिसतं असं लोकांना वाटतं, पण इमारतीच्या पलीकडचं काहीच दिसत नाही. तिथे खाली एकजण उभा असतो. तो सांगतो, उचल, डावीकडे घे, थांब, सोड. वरच्याचे डोळे म्हणजे खालचा. आता सगळ्यांकडे वॉकीटॉकी आलेत, पण पूर्वी हा तोंडात शिट्टी घालून इशारे करायचा, ते नाव चिकटलं. शिट्टी आणि घार जुने सोबती. पिताना सोबती, आणि सोडली तीसुद्धा शिट्टीनंच आधी.

एका सकाळी शिट्टीला खालून दिसलं की हुकाला लटकलेली वाळूची बादली अंगात आल्यासारखी झुलतेय. वारा तर नाही. म्हणजे वर घारीचा हात कापतोय. दुपारी जेवणाचा डबा रस्सीला बांधून वर पाठवायची पद्धत होती, कारण जेवायला एवढी शिडी उतरून पुन्हा कोण चढेल. त्या दिवशी डब्याच्या झाकणात कागदाच्या पुडीत एक गोळी आली. वॉकीवर शिट्टी काही बोलला नाही, कारण वॉकी सगळ्यांना ऐकू जातो. काम सुटल्यावर कानाशी येऊन म्हणाला, "मी पण त्यावरच चालतोय. दारू सोडली ती काय हवेवर सोडली? घे, आणि गप्प राहा. वास नाही, बीस नाही, फुंकणीला पत्ता नाही."

अशा तीन दिशांनी तीन गोळ्या. देणाऱ्या प्रत्येकाला वाटायचं आपली एकच आहे, आणि त्या एकीवर हा माणूस उभा आहे. प्रत्येकानं शपथ घातलेली, दुसऱ्याला सांगू नकोस. घार कुणालाच सांगत नव्हता. सांगणार काय? बायकोला सांगितलं तर आईचं नाव येतं, आईला सांगितलं तर बायकोचं, आणि शिट्टीचं नाव निघालं तर त्याची नोकरी जाते. आणि खरं सांगायचं तर, एक जरी कमी झाली असती तर त्याचं भागलं नसतं. हे त्याला स्वतःशी बोलायलाही लाज वाटायची.

आणि मग तो सळयांचा भारा आला.

दुपारचं ऊन केबिनीच्या काचेतून मांडीवर आलेलं. पोटात डबा, डब्यातली पुडी. हुकाला सळयांचा जाडजूड भारा, तो वरच्या मजल्यावर न्यायचा होता. अर्ध्या वाटेत घारीचा डोळा लागला. लागला म्हणजे पापणी मिटली आणि जग संपलं. त्या क्रेनीचा दांडा सोडला की क्रेन जागच्या जागी थांबते, एवढी अक्कल बनवणाऱ्यानं ठेवलेली. भारा थांबला. पण थांबला तो बरोब्बर स्लॅबवर काम करणाऱ्यांच्या डोक्यावर.

त्याला जाग आली ती कुणाच्या तरी ओरडण्यानं. स्लॅबवरचे सळईवाले वर बघून हात हलवत होते, शिव्या देत होते. भारा हळूहळू गोल फिरत होता. वॉकी गप्प होता. घारीला ते कळेना. शिट्टी का बोलत नाही? त्यानं वाकून खाली पाहिलं. शिट्टी खांबाला टेकून उभा होता. वॉकी छातीशी, मान कलंडलेली, तोंड उघडं.

वरचा झोपलेला, खालचा पेंगलेला, आणि मधे सळयांचा भारा.

घारीनं भारा बाजूला घेतला. कसा घेतला ते त्याचं त्यालाच ठाऊक. तोवर शिट्टी जागा झाला होता आणि वॉकीवर घाईघाईनं "सावकाश, सावकाश" म्हणत होता.

साहेब धावत आला. घारीला खाली बोलावलं. दोघांना फुंकणी लावली. घार, शून्य. शिट्टी, शून्य. साहेबाचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्याला वाटलेलं भलतंच. शिट्टी म्हणाला, वॉकीची बॅटरी बसली होती साहेब, याला माझा आवाजच गेला नाही, म्हणून हा थांबला. साहेबानं घारीची पाठ थोपटली. म्हणाला, शाबास, आवाज नाही तर थांबायचं, असंच पाहिजे. ज्या सळईवाल्याच्या डोक्यावर भारा फिरत होता, तो तिथेच उभा होता. त्यानंही घारीला तंबाखू पुढे केली. म्हणाला, उगाच शिव्या दिल्या, राग धरू नको.

घारीला त्या तंबाखूकडे बघवेना. त्यानं आणखी शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. त्या दिवशी उतरत्या उन्हात घरी जाताना त्यानं ठरवून टाकलं, उद्यापासून एकही नाही. दारू तोडली तशी ही तोडायची. एका झटक्यात.

तिथेच चुकलं. त्याला वाटलं, ज्यानं एवढा मोठा हत्ती घालवला त्याला ही शेपटी काय जड. पण ती गोळी अशी झटक्यात सुटत नाही, अंग उलटतं, हे त्याला कोण सांगणार? सांगायला आधी कुणाला माहीत असायला हवं ना.

बायकोची गोळी तो जिभेखाली धरून मोरीत थुंकू लागला. आईची गादीखाली. शिट्टीची पुडी दुपारी रिकाम्या डब्यातून तशीच खाली. दुसऱ्या दिवशी तीच पुडी पुन्हा वर. पुन्हा खाली. काम सुटल्यावर शिट्टी म्हणाला, "शहाणपणा करतोयस का?" घार म्हणाला, "तू पण सोड." शिट्टी हसला. पण ते हसणं काही पोटातून आलं नाही.

मग अंगानं हिशेब मागायला सुरुवात केली. आधी कानात रातकिडे. मग घाम, शर्ट पिळावा असा. उजेड डोळ्यात टोचायचा. त्वचेखालून मुंग्या चालल्यासारखं व्हायचं, हात असे थरथरायचे की चहाचा कप बशीवर वाजायचा. बायकोनं तो आवाज ऐकला. तिनं हा आवाज पूर्वीही ऐकलेला. ती उंबऱ्यावर आली.

"फुंका."

तो फुंकला. वास नव्हता. तिनं पुन्हा फुंकायला लावलं. मग शर्टाचा वास घेतला, पिशवीचा घेतला, लघवीच्या बाटलीचासुद्धा घेतला. काही नाही. ती खाली बसली आणि म्हणाली, "आता बिनवासाची निघालीय का काही?" तो म्हणाला, नाही गं, पीत नाही मी. तिला ते पटलंही आणि नाहीही. त्या दिवशी जेवण झाल्यावर तिनं एकाऐवजी दोन गोळ्या दिल्या आणि तो गिळेपर्यंत समोर उभी राहिली. त्यानं दोन्ही जिभेखाली धरल्या. मोरीकडे जाताना आईनं वाटेत गाठून आणखी दोन हातात कोंबल्या. म्हणाली, "आज दोन घे रे, फार तळमळतोस." मोरीत उभं राहून घारीला रडावं की हसावं कळेना. सगळं घर त्याला वाचवायला धडपडत होतं, आणि तो कुठे अडकलाय तेच कुणाला दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फुंकणीवर शून्य आलं आणि तो वर गेला.

चढताना काही नाही. कामही थोडं नीट झालं. मग दुपारच्या आधी समोरची इमारत एकदम जवळ आली आणि लांब गेली. डावा हात दांड्यावर ठेवला तर दांडाच नाचू लागला. हुकाला विटांचा पाळणा होता. घारीनं दात आवळले, आणि शिट्टीच्या आवाजाला धरून, आंधळ्यानं काठीला धरावं तसं, पाळणा अलगद खाली टेकवला. खालच्यांनी हुक मोकळा केला. घारीनं मोटर बंद केली. मग केबिनीच्या तळातलं दार उघडून शिडीकडे पाहिलं.

पाय पुढे जाईना. खाली शिडी, शिडीखाली टप्पा, टप्प्याखाली शिडी. हाताला पकड नव्हती. इथून उतरायला गेलो तर उतरायचं काम क्षणात होईल, हे त्याला कळलं. आणि इथेच बसलो तर थोड्या वेळानं हे लोक पुढचा भारा मागतील. काचेचं एवढंसं खोकं. वर बसवत नाही, खाली उतरवत नाही.

वॉकी वाजला. शिट्टी विचारत होता, का थांबलास. घारीनं बटण दाबलं. हे सगळ्यांना ऐकू जाणार, हे त्याला माहीत होतं.

"शिट्टी, मला उतरता येत नाहीये. झोपेच्या गोळ्या घेत होतो मी. बायको द्यायची, आई द्यायची, तूही द्यायचास. सगळ्या घ्यायचो. त्या सळयांच्या वेळी झोपलो होतो. आता सोडल्यात, तर हात राहत नाहीत."

खाली मिक्सर चालू होता तो कुणीतरी बंद केला. घारीला वरून दिसत होतं, माणसं जागच्या जागी उभी, सगळ्यांची तोंडं वर. साहेब शिट्टीकडे बघत होता. शिट्टी जमिनीकडे.

मग शिट्टी चढू लागला. वर्षानुवर्षं खालून इशारे करणारा माणूस, उंचीला भिणारा. प्रत्येक टप्प्यावर थांबायचा, खांबाला मिठी मारायचा, पुन्हा निघायचा. केबिनीच्या दारातून त्याचं डोकं वर आलं तेव्हा त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. आत दोघांना जागा नव्हती. तो घारीच्या पायाशी मांडी घालून बसला, आणि खिशातून तीच पुडी काढली. आता तिचा कागद मऊ पडला होता.

"अर्धी घे," तो म्हणाला. "त्याशिवाय उतरणार नाहीस."

घार पुडीकडे बघत राहिला. जिच्यापायी इथे अडकलो, तिलाच तोंडात घेतल्याशिवाय खाली जायची वाट नाही. त्यानं अर्धी तोडली. थुंकीबरोबर गिळली. मग दोघं त्या काचेत बसून राहिले, ती चढायची वाट बघत. शिट्टी एकदाच बोलला. म्हणाला, त्या दिवशी मी किती वेळ झोपलो होतो रे? घार म्हणाला, माहीत नाही, मी पण झोपलो होतो.

हळूहळू हात थांबले. किती छान थांबले, आणि त्याचीच घारीला भीती वाटली. उतरताना शिट्टी खालच्या पायरीवर, याचा पाय हातानं धरून नीट ठेवणारा, हा वरच्या. असे दोघं आले खाली.

साहेबानं फुंकणी पुढे केली. सवयच ती. घार फुंकला. शून्य.

साहेबाला कुठे बघावं कळेना. म्हणाला, शून्य तर आहे, घरी जा, विश्रांती घे, बरा झालास की ये. म्हणजे दार पुन्हा उघडंच होतं. गुपचूप घरी जावं, उद्या पुन्हा फुंकावं, पुन्हा वर. घारीला ते दार दिसलं. तो तिथेच वाळूच्या ढिगावर बसला.

"साहेब, मला वर सोडू नका. तुमच्या यंत्राला मी दिसत नाही."

शिट्टीनं गळ्यातला वॉकी काढला, साहेबाच्या हातात ठेवला आणि घारीशेजारी येऊन बसला.

केबिनीत आता दुसराच कुणी बसतो. घारीला साहेबानं खाली गोदामात बसवलंय, खिळे आणि हातमोजे वाटायला. वर परत पाठवील की नाही, ते साहेबालाही माहीत नाही. दवाखान्यातला जुना डॉक्टर आधी भडकला, मग म्हणाला, एकदम सोडलीस, नशीब म्हणून वाचलास, फिटचा झटका आला असता. आता एकच हात देईल, एकच गोळी, आणि तिचा तुकडा हळूहळू लहान करत जायचं. किती दिवस? डॉक्टर म्हणाला, विचारू नकोस. शिट्टीचंही तेच.

ज्या दिवशी हे घरी कळलं, त्या दिवशी बायको आणि आई स्वयंपाकघरात समोरासमोर आल्या. मग आईनं अभ्रा उसवून साठवलेल्या गोळ्या ओट्यावर ओतल्या. बायकोनं पट्ट्या आणून शेजारी ठेवल्या. आई म्हणाली, "मला वाटलं माझीच." बायको म्हणाली, "मलाही."

आता बायको ब्लेडनं गोळी कापते. आई शेजारी चष्मा लावून बघत बसते, तुकडा मोठा झाला की टोकते. घार समोर बसलेला असतो. तो तुकडा लहान होताना बघणं त्याला जड जातं, आणि हे तो आता बोलून दाखवतो.

परवा संध्याकाळी तो गोदामातून आला. ती उंबऱ्यावर होतीच.

"फुंका," ती म्हणाली.

तो फुंकला. तिनं डोळे मिटून वास घेतला. पूर्वी एवढं झालं की ती बाजूला व्हायची. आज झाली नाही. दारात तशीच उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला लावून.

"वास नाही," ती म्हणाली. "आता सांगा."